पाच सेंटीमीटर हाड : इंदूरमधील एका इलिझारोव्ह उपचाराची नोंद

डाव्या नडगीच्या हाडाचा सुमारे पाच सेंटीमीटरचा भाग मी २०२३ मध्ये गमावला आणि तेवढेच हाड माझ्याच पायात नव्याने तयार होऊन पक्के होण्यास जवळजवळ पूर्ण २०२४ हे वर्ष लागले. या काळात मराठीत लिहिलेला एखादा सविस्तर अनुभव मी पुष्कळ शोधला, कारण डॉक्टरांचे सांगणे एका बैठकीत डोक्यात शिरत नाही आणि घरच्यांना प्रत्येक गोष्ट समजावून सांगण्याचे त्राणही आपल्यात उरलेले नसते. ज्यांच्या घरात हा, पायाभोवती कड्या बसवून हाड हळूहळू वाढवण्याचा, उपचार नुकताच ठरला असेल त्यांना पुढे काय येणार आहे याचा अंदाज यावा, म्हणून हे लिहीत आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. इंदूरच्या एका खासगी शाळेत शिक्षिका आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये, राखी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात, शाळेतून घरी येताना भंवरकुआंजवळ एका मालवाहू गाडीने माझ्या स्कूटरला धडक दिली. नडगीचे हाड खालच्या तिसऱ्या भागात अनेक तुकड्यांत मोडले होते आणि कातडी फाटून बाहेर आले होते. त्याच रात्री जखम धुऊन बाहेरून सळ्यांचा तात्पुरता आधार बसवण्यात आला आणि पाच दिवसांनी प्लास्टिक सर्जननी पोटरीचा स्नायू फिरवून उघडे हाड झाकले. या रात्रीबद्दल एकच व्यावहारिक गोष्ट सांगते. रस्त्यावरील अपघात असल्याने रुग्णालयाने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, केली होती, आणि तिचा क्रमांक व एफआयआरची प्रत यांच्याशिवाय विम्याची कॅशलेस मंजुरी पुढे सरकत नव्हती. माझे दीर त्या रात्री रुग्णालयात न थांबता पोलीस ठाण्यात गेले म्हणून ती प्रत तिसऱ्या दिवशी हातात आली. घरातील एक माणूस पहिल्या चोवीस तासांत केवळ कागदांसाठी मोकळा ठेवावा.

गणपतीत मी घरी होते. ऑक्टोबरच्या मध्यावर जखमेच्या कडेला एक लहान छिद्र दिसू लागले आणि त्यातून पाणी व पुढे पू येऊ लागला. ताप बेताचाच होता, परंतु रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह किंवा संसर्ग दाखवणारे प्रमाण, बराच वाढलेला होता. नोव्हेंबरमध्ये, दिवाळी आटोपल्यावर, दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली. रक्तपुरवठा तुटल्याने मेलेला हाडाचा भाग काढून टाकण्यात आला, त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटच्या गोळ्यांची माळ ठेवली गेली आणि आतल्या ऊतींचे नमुने कल्चरसाठी, म्हणजे जंतू कोणते आहेत हे पाहण्यासाठी, पाठवले गेले. कल्चरच्या अहवालानुसार सहा आठवडे औषधे चालली. त्यातील पहिले दोन आठवडे शिरेतून.

याच सुमारास आम्ही दुसरे मत घेतले. एका ज्येष्ठ सर्जननी गुडघ्याखाली पाय काढून कृत्रिम पाय बसवण्याचा पर्याय अत्यंत शांतपणे मांडला आणि त्यात एकही कठोर शब्द नव्हता. सहा महिन्यांत कामावर परत जाता येईल, पुढच्या शस्त्रक्रिया टळतील, हे त्यांचे म्हणणे खरेही होते. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज तो राग उरलेला नाही, कारण ज्याच्या घरी वर्षभर करणारे कोणी नाही, किंवा ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याच्यासाठी तो पर्याय खुळचट नव्हे, शहाणपणाचा असू शकतो. आमच्याकडे करणारी माणसे होती, म्हणून आम्ही पाय राखण्याचे ठरवले.

उरलेल्या पर्यायांवरची चर्चा जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात झाली. आमचे सर्जन मूळचे ग्वाल्हेरचे मराठी गृहस्थ, त्यामुळे बोलणे मोकळेपणाने झाले. एका पद्धतीत पोकळीत सिमेंटचा ठोकळा सहा ते आठ आठवडे ठेवतात. शरीर त्याभोवती एक जिवंत पडदा तयार करते, मग ठोकळा काढून त्या पडद्याच्या पिशवीत रुग्णाच्याच कमरेचे हाड किसून भरतात. फ्रान्समधील सर्जन मास्कले यांच्या नावाने ती ओळखली जाते. परंतु पाच सेंटीमीटरची पोकळी भरण्यास हाड बरेच लागते आणि कमरेच्या हाडातून ते एका मर्यादेपर्यंतच काढता येते. दुसरी पद्धत इलिझारोव्ह यांची.

माझी मुलगी तेव्हा बारावी विज्ञानाला होती. तिने कोठेतरी वाचलेले दोन प्रयोग वहीत टिपून आणले होते आणि तिने डॉक्टरांना सरळ विचारले, की आईच्या शरीरात दुसरीकडे कोठेतरी हाड वाढवून ते पायात का बसवत नाहीत. पहिला प्रयोग जर्मनीतील कील येथला, २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला. गाठीच्या शस्त्रक्रियेत खालचा जबडा गमावलेल्या एका रुग्णासाठी टायटॅनियमच्या जाळीचा साचा तयार केला गेला. त्यात हाडातील खनिजाचे ठोकळे, हाडाच्या वाढीला चालना देणारे बीएमपी-७ हे प्रथिन आणि त्याच्याच अस्थिमज्जेतील पेशी भरून तो साचा सात आठवडे त्याच्या पाठीच्या स्नायूत ठेवला, आणि आत हाड तयार झाल्यावर तो काढून जबड्याच्या जागी बसवला. दुसरा २००५ मधील, रॉबर्ट लँगर, मॉली स्टीव्हन्स, प्रसाद शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, सशांवर केलेला. नडगीचे हाड आणि त्यावरचे पातळ आवरण यांच्यामध्ये द्रव भरून एक पोकळी निर्माण केली आणि तिच्यात जेल भरले, तर बाहेरून पेशी किंवा वाढीची प्रथिने न घालताही काही आठवड्यांत तेथे हाड तयार झाले, आणि ते काढून दुसऱ्या पायाच्या हाडातील खाचेत बसवता आले.

डॉक्टरांनी तिला हसण्यावारी नेले नाही. हे प्रयोग महत्त्वाचे आहेत, पण रोजच्या उपचारात ते आलेले नाहीत, असे सांगून ते म्हणाले, "तत्त्व तेच आहे. शरीरालाच कारखाना करायचे. फरक एवढाच, की ताईंच्या पायात आपण हाड जिथे हवे तिथेच वाढवणार, म्हणजे ते काढून दुसरीकडे लावावे लागणार नाही." मग त्यांनी कागदावर आकृती काढली. गुडघ्याच्या खाली, जिथे हाड निरोगी आहे, तेथे ते अलगद कापायचे. मधला तुकडा रोज एक मिलिमीटर या गतीने घोट्याकडे सरकवत न्यायचा. खालची पोकळी बुजत जाते आणि वर मागे पडणाऱ्या जागेत नवे हाड भरत जाते.

गाव्रिल इलिझारोव्ह या सोव्हिएत सर्जननी सायबेरियातील कुर्गान या दूरच्या शहरात १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवलेल्या वालेरी ब्रुमेल यांचा मोटारसायकल अपघातात मोडलेला पाय त्यांनी बरा केला, आणि १९८० मध्ये कार्लो माउरी हे इटालियन गिर्यारोहक कुर्गानला जाऊन बरे होऊन आल्यावर पश्चिम युरोपने तिची दखल घेतली. ही माहिती सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की एक मिलिमीटर म्हणजे किती. मुलीने पट्टी आणून दाखवली. त्या बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिल्या.

शस्त्रक्रिया जानेवारीच्या मध्यावर झाली. त्याआधी सीआरपी आणि ईएसआर ही दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, दोन्ही पुन्हा करून, संसर्ग शमल्याची खात्री करूनच तारीख दिली गेली. शुद्धीवर आल्यावर पायाभोवती स्टीलच्या कड्या, त्यांना जोडणाऱ्या आट्यांच्या चार दांड्या आणि हाडातून आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा दिसल्या. दिसण्यास ते भयंकर असते. लहान मुलांना पहिल्या दिवशी आणू नये. वेदना मात्र मला वाटल्या होत्या तशा तारांच्या जागी नव्हत्या, तर कापलेल्या हाडाच्या जागी होत्या आणि चार दिवसांत आटोक्यात आल्या. दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन उभे केले गेले. या पद्धतीत पायावर थोडा भार देणे हा उपचाराचाच भाग आहे, हे फिजिओथेरपिस्ट पुनःपुन्हा सांगत होते.

हाड कापल्यावर सात दिवस काहीच करायचे नव्हते. त्या काळात कापलेल्या जागी मऊ ऊती धरू लागते. लगेच ताणले तर ती तुटते आणि फार उशीर केला तर हाड पुन्हा सांधून बसते. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मुलीला दहा नंबरचा पाना हातात दिला. दांडीवरचा नट एक पूर्ण फेरा फिरवला की एक मिलिमीटर सरकतो. तो एक मिलिमीटर एकदम न देता दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा द्यायचा असतो. नटाला बाजू सहा, त्यामुळे पाव फेरा म्हणजे दीड बाजू होते, आणि अंदाजाने फिरवणाऱ्याचा गोंधळ येथेच होतो. मुलीने प्रत्येक नटाच्या एका बाजूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि कडीवर चार दिशांना चार खुणा केल्या. सरकणाऱ्या कडीच्या पुढचा नट आधी पाव फेरा सैल करायचा, मग मागचा तेवढाच कसायचा, आणि हे चारही दांड्यांवर सारखे करायचे. एक दांडी राहिली तर कडी तिरकी होते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री अकरा अशा वेळा ठरल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात सासूबाई चार रेघा ओढत, आणि रेघ ओढल्याशिवाय मुलीला जेवायला वाढत नसत.

फिरवताना दुखत नाही. दुखते ते रात्री, जेव्हा ताणलेले स्नायू आणि शिरा दिवसभराचा हिशेब मागतात. तिसऱ्या आठवड्यापासून पाऊल खाली झुकू लागले. पोटरीचे स्नायू आखडतात, म्हणून टाच वर ओढली जाते. चपलेच्या तळाला रबरी पट्टे लावून ते वरच्या कडीला अडकवण्याची युक्ती फिजिओथेरपिस्टनी करून दिली आणि ती रात्रंदिवस वापरावी लागली. कंटाळवाणी असली तरी ही गोष्ट टाळू नये. हाड जुळून पाऊल वाकडे राहिलेले रुग्ण मी त्याच बाह्यरुग्ण विभागात पाहिले आहेत.

तारांच्या मुळांशी रोज सलाइनने स्वच्छता करायची, खपली धरली तर ओल्या गॉजने हळूच काढायची आणि प्रत्येक तारेला वेगळा कापूस वापरायचा. लालसरपणा, ऊब किंवा पिवळा स्राव दिसला की फोटो काढून पाठवायचा. दोनदा तसे झाले आणि दोन्ही वेळा गोळ्यांवर भागले. कपड्यांसाठी परकर एका बाजूने उसवून त्याला नाड्या लावून घेतल्या, आणि कड्यांवर उशीचा जुना अभ्रा चढवला, त्यामुळे पांघरूण अडकत नसे आणि भेटायला येणाऱ्यांची नजरही अडकत नसे. आहारात प्रथिने वाढवण्यास सांगितले होते. आमच्या घरात तोवर अंडे शिजलेले नव्हते. सासूबाईंनीच दिरांना अंडी आणायला सांगितली, मात्र मागच्या ओसरीत वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले मांडून. नियम मोडला आणि पाळलाही.

दर पंधरा दिवसांनी एक्स-रे असे. पहिल्या दोन फिल्ममध्ये मागे पडलेल्या जागेत काहीच दिसत नव्हते, नुसता काळा पट्टा. तेव्हा माझे मन फार खचले होते, म्हणून आवर्जून लिहिते, की सुरुवातीस असेच दिसते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन्ही टोकांकडून मध्याकडे येणाऱ्या उभ्या, धूसर, दुधाच्या सायीसारख्या पातळ रेषा दिसू लागल्या आणि मध्ये एक अरुंद काळी फट उरली. डॉक्टरांनी दिव्याच्या पेटीवर फिल्म लावून पेनाने त्या रेषा एकेक करून दाखवल्या. एका टप्प्यावर वाढ विरळ वाटल्याने गती कमी करून दिवसातून तीनच वेळा पाव फेरा द्यायला सांगितले, त्यामुळे तुकडा खाली पोहोचण्यास थोडा उशीर झाला. मार्चच्या अखेरचा एक्स-रे ३० तारखेस ठरला होता. पण त्या दिवशी रंगपंचमी, आणि राजवाड्याच्या गेरमुळे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीमुळे, अर्ध्या शहरातील रस्ते बंद, हे इंदूरकरांना सांगायला नको. तो दोन दिवस पुढे ढकलला. त्या फिल्ममध्ये सरकणारा तुकडा खालच्या हाडाला टेकलेला होता.

टेकला म्हणजे जुळला असे नव्हे. दोन टोकांच्या मध्ये तंतुमय ऊती साचलेली असते आणि टोकांची हाडेही निबर झालेली असतात. त्यामुळे एप्रिलमध्ये आणखी एक शस्त्रक्रिया झाली. टोके ताजी करून त्यांच्याभोवती माझ्या कमरेच्या हाडातून काढलेला चुरा भरण्यात आला. ज्या कलमासाठी कमरेचे हाड नको म्हणून आम्ही ही वाट धरली, त्याची थोडी गरज अखेर पडलीच. आणि नमूद करण्यासारखी बाब ही, की त्या काळात पायापेक्षा कंबर अधिक दुखली. कुशीवर वळणे आणि शिंकणे, दोन्ही कित्येक आठवडे नकोसे झाले होते. शरीरातच दुसरीकडे हाड वाढवण्याच्या प्रयोगांमागे संशोधक इतकी वर्षे का आहेत, हे मला लेख वाचून समजले नव्हते ते या दुखण्याने समजले.

यानंतरचे आठ महिने हे उपचारातील सर्वात लांब आणि सर्वात रिकामे. नट फिरवायचे नाहीत, नवे काही घडत नाही, फक्त हाड पक्के होण्याची वाट पाहायची. गमावलेल्या प्रत्येक सेंटीमीटरमागे दीड ते दोन महिने धरून चाला, असे डॉक्टरांनी आरंभीच सांगितले होते. मे महिन्याच्या उन्हाळ्यात घामामुळे तारांची मुळे सतत ओलसर राहत, आणि पावसाळ्यात फरशीवर वॉकर घसरण्याची भीती. याच काळात लोकांचा धीर सुटतो आणि कोणीतरी लेप किंवा मालिशवाल्याचा पत्ता देतो. तंबाखू आणि सिगारेट यांनी हाडाची वाढ मंदावते. हे सांगूनही बाहेर पायऱ्यांवर कड्या लावून विडी ओढणारे दिसत.

खर्च आणि कागद यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण विम्याची सगळी रचना रुग्णालयातील मुक्कामाभोवती आहे आणि हा उपचार बहुतांशी घरी होतो. जानेवारीच्या शस्त्रक्रियेस कड्यांच्या सामानासह सुमारे पावणेदोन लाख, एप्रिलच्या शस्त्रक्रियेस सुमारे नव्वद हजार, आणि आधीच्या दोन मुक्कामांसह एकूण खर्च आठ लाखांच्या घरात गेला. विम्याकडून त्यातील पाच लाखांहून थोडे अधिक मिळाले. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचाच खर्च मिळत होता. त्यापुढचे एक्स-रे, ड्रेसिंग आणि घरी येणारे फिजिओथेरपिस्ट हे सर्व खिशातून. फेब्रुवारीत पॉलिसीचे नूतनीकरण होते आणि ते वेळेवर झाल्यामुळेच एप्रिलच्या शस्त्रक्रियेला विम्याची रक्कम पुन्हा पूर्ण उपलब्ध झाली. अशा उपचारात नूतनीकरणाची तारीख एक दिवसही चुकवू नये. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर 'क्वेरी आई है' हे वाक्य ऐकले, की बहुधा सामानाच्या बिलावरचे स्टिकर किंवा टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया का लागत आहेत याचे स्पष्टीकरण हवे असते. सर्जनकडून पहिल्याच दिवशी संपूर्ण उपचाराचे टप्पे आणि अपेक्षित मुदत लिहिलेले पत्र शिक्क्यासह घ्यावे. तेच पत्र मला शाळेत उपयोगी पडले. तेथील कार्यालयास रजेची अखेरची तारीख हवी होती, आणि ती कोणीच देऊ शकत नव्हते.

मूळ बिले विमा कंपनीकडे जमा होतात, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेही तीच लागतात. म्हणून जमा करण्यापूर्वी प्रत्येक बिलाच्या प्रतीवर कंपनीचा पोच शिक्का घेतला. वकिलांनी दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याचा आग्रह धरला होता. कड्या लागून काही दिवस झाले होते तेव्हा मी वकालतनाम्यावर पलंगावर बसून सही केली.

नोव्हेंबरमध्ये दांड्यांवरचे नट थोडे सैल करून हाडावर अधिक भार येऊ दिला गेला. दोन दिशांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाच्या चारपैकी किमान तीन भिंती सलग दिसल्याशिवाय कड्या काढणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. डिसेंबरच्या मध्यावर त्या दिसल्या. तारा काढताना थोडी भूल दिली होती. दुपारी घरी आले. पाय इतका हलका वाटत होता की पहिले काही दिवस तोल जात असे. नंतर सहा आठवडे प्लास्टिकचा आधार बांधून चालले, कारण कड्या निघाल्यावर नवे हाड वाकण्याची किंवा मोडण्याची जोखीम सर्वाधिक असते.

एप्रिल २०२५ मध्ये नव्या सत्रापासून मी शाळेत रुजू झाले. घोटा पूर्ण वाकत नाही, मांडी घालून बसता येत नाही आणि पायांच्या लांबीत पाऊण सेंटीमीटरचा फरक आहे, तो बुटाच्या टाचेत भरून काढला आहे. दाव्याचे प्रकरण अजून चालू आहे. कायमच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र उपचार पूर्ण झाल्यावरच मिळते, त्यामुळे तो अर्ज मी आता केला आहे. त्यासाठी पहिल्या रात्रीपासूनच्या सगळ्या फिल्म तारखेनुसार लावून, प्रत्येकीवर चिकटपट्टीवर तारीख लिहून ठेवल्या आहेत. फिल्मवरची छपाई कालांतराने पुसट होऊ शकते, म्हणून हे काम एक्स-रे काढल्याच्या दिवशीच करावे.